गप्पा बसा

जानेवारीत आमच्या भागात दोन गोष्टी एकदम येतात, हुरडा आणि शिस्टरच्या शाळेचे फॉर्म. हुरड्याला लोक आमंत्रणाची वाट बघतात. फॉर्मासाठी मात्र न बोलावता, कानाला मफलर गुंडाळून, सकाळी सहापासून शाळेच्या गेटपाशी उभे राहतात. शाळेला एका संताचं लांबलचक नाव आहे, पण ते फक्त पावतीवर आणि दाखल्यावर. तालुक्यात कुठल्याही रिक्षावाल्याला ते नाव सांगितलंत तर तो विचारेल, "ही कुठं आली?" शिस्टरची शाळा म्हणा, लगेच किक मारेल.

यंदा मीही फॉर्म आणला, माझ्या गाथासाठी. ती सहा वर्षांची आहे. स्वयंपाक उरकून, हात पुसून मी पेन घेऊन बसले, आणि दुसऱ्याच पानावर तो रकाना आला: कुटुंबातील आजी-माजी विद्यार्थी. खाली चार ओळी. मी आजोबांचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, बहिणीचं लिहिलं, भाचीचं लिहिलं. चारही ओळी भरल्या. माझ्यासाठी जागा उरली नाही. उरली असती तरी तिथं काय लिहिणार होते? आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्या शाळेत शिकल्या, चौथी शिकते आहे. मी तेवढी गेले नाही.

हे मी आता शांतपणे, वय वाढल्यावर येतो त्या समजूतदारपणानं लिहीत असेन असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. माझा अजून जळफळाट होतो. पस्तिशी ओलांडली, स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, दुसऱ्यांच्या पोरांना हेवा करू नये म्हणून शिकवते, आणि शिस्टरच्या शाळेची तांबड्या स्वेटरातली पोरं रांगेनं रस्ता ओलांडताना दिसली की माझी गाडी आपोआप हळू होते.

आजोबांना आम्ही दादा म्हणतो. ते त्या शाळेच्या पहिल्या पोरांपैकी. तेव्हा शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. आमच्या लोकांनी धम्म घेतला, त्याच सुमाराची गोष्ट. त्याआधी दादा गावातल्या शाळेत जायचे आणि दाराशी, चपलांच्या शेजारी बसायचे. शिस्टरच्या शाळेत केरळची एक सिस्टर होती. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि त्याच क्रमानं बसवलं. दादा बुटके, म्हणून सगळ्यांत पुढं. दादा आता ऐंशीच्या घरात आहेत, पण ही गोष्ट सांगताना अजून ताठ बसतात. "जातीमुळं न्हाई, उंचीमुळं जागा भेटली. जल्मात पयल्यांदा!"

त्या सिस्टरला मराठी नुकतंच येऊ लागलं होतं. शब्द संपला तरी तिचा आवाज संपायचा नाही, शेवटाला एखादा काना लागायचाच. वर्गात कालवा झाला की ती डस्टर आपटून ओरडायची, "गप्पा बसा!" पोरं आधी हसली असतील, पण सिस्टरला चूक सांगायची कुणाची छाती नव्हती. मग तोच हुकूम झाला. ती सिस्टर गेली, दुसऱ्या आल्या, त्यांना चांगलं मराठी येत होतं, पण पोरांनीच त्यांना शिकवलं की आपल्या शाळेत 'गप्प' म्हणत नाहीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गेले तेव्हाही गप्पा बसा. ताईच्या वेळीही. आता ताईची मुलगी प्रज्ञा सातवीत आहे, ती फोनवर मैत्रिणीला म्हणते, "ए, गप्पा बस ना जरा."

हा शब्द आमच्या घरात असा रुजलाय की बाहेरच्याला कोडं पडावं. रविवारी विहारात वंदना चालू असताना मागं पोरांनी दंगा केला की दादा मान वळवून म्हणतात, "गप्पा बसा!" नव्यानं आलेले लोक एकमेकांकडं बघतात. म्हातारा गप्पा मारायला सांगतोय की काय? आणि अण्णा, ताई, प्रज्ञा तिघंही खाली मान घालून हसू दाबतात. तिघांचे खांदे एकसारखे हलतात. मी त्यांच्याच सतरंजीवर बसलेली असते. मलाही अर्थ माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि त्या वर्गात बसून ऐकलेलं असणं वेगळं.

मला तो अर्थ कसा कळला, तेही सांगते. मी चार-पाच वर्षांची असेन. सगळे जेवायला बसलो होतो. ताई काहीतरी बडबडत होती, अण्णा आणि आई बोलत होते, आणि दादा एकदम म्हणाले, "गप्पा बसा!" सगळे चिडीचूप. मला वाटलं, दादांनी गप्पा मारायला सांगितलं. कुणीच काही बोलेना, तेव्हा मीच सुरुवात केली. शेजारच्या सखूबाईच्या शेळीला दोन पिल्लं झाली, एक पांढरं आहे, ते पडतंच, असं मी रंगात येऊन सांगू लागले. सगळे हसत सुटले. दादांना ठसका लागला. ताईनं तर हातातली भाकरी टाकली आणि ओरडली, "माय! हिला कळलंच न्हाई!" मीही हसले. मला वाटलं माझी शेळीची गोष्ट फार आवडली. पुढं कित्येक दिवस मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि कुणी हसेना म्हणून मला कळत नव्हतं की काय बिघडलं.

मग मी सहा वर्षांची झाले आणि तो जानेवारी आला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत श्रीमंत महिना. अण्णांनी माझ्यासाठी फॉर्म आणला होता. शनिवारी सिस्टरपुढं मुलाखत होणार होती, आणि घरातली तीन माणसं माझ्या मागं लागली होती. सकाळी दादा अंगणात उन्हाला बसून विचारायचे, "व्हॉट इज युवर नेम?" मी सांगायचे. दुपारी ताई शाळेतून यायची, पाठीवरचं दप्तर न काढता मला रंग विचारायची. रेड कुठंय, यलो कुठंय. यलो म्हटलं की मी शेताकडं बोट दाखवायचे, कारण करडई फुलली होती. संध्याकाळी अण्णा माझा हात हातात घेऊन तिरकी अक्षरं गिरवून घ्यायचे. त्या शाळेचं अक्षर उजवीकडं कलतं. दादांचं, अण्णांचं, ताईचं, तिघांचंही. किराणा सामानाची यादी कुणी लिहिली हे दुकानदाराला आजही ओळखता येत नाही. माझं अक्षर तीन आठवड्यांत कलायला लागलं होतं.

आईनं माझ्यासाठी पांढऱ्या कॉलरचा फ्रॉक शिवून घेतला. त्याच्या नव्या कापडाचा वास मला अजून आठवतो. ताईचे जुने बूट कागदाचा बोळा घालून मला बसवले. त्या दिवसांत घरात कुणी हुरडा आणला तरी पहिला मूठभर मला मिळायचा. "खा, तुला मुलाखतीला जायचंय." मुलाखतीचा आणि हुरड्याचा काय संबंध, कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी अण्णा त्यांच्या शाळेतून आले. ते वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, धारूरच्या रस्त्याला, डोंगराच्या अंगाला. त्यांनी सायकल लावली, पाणी प्यायले आणि आईशी बोलत बसले. वस्तीवरची दोन घरं कोयत्याला गेली होती, ऊस तोडायला, आणि बुधवारीच निरोप आला होता की ती आता तिकडंच राहणार. म्हणजे पट कमी. जूनमध्ये एक जरी पोर कमी भरलं, तर दोन शिक्षकांपैकी एकाला उचलणार, आणि तो एक म्हणजे अण्णा. कुठं टाकतील याचा नेम नव्हता. पट हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं बसायचा पाट.

मग अण्णांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आता तू माझ्या शाळंत यायचं बरं का, सायकलवर." असं म्हणाले, जसं काही बक्षीसच देत होते. मी मान हलवली. आई म्हणाली, "लई शाणं लेकरू." दुसऱ्या दिवशी शनिवारी ताई सकाळच्या शाळेला गेली आणि फ्रॉक पेटीत गेला. पुढं जूनमध्ये तोच फ्रॉक घालून मी वस्तीवरच्या शाळेत बसले. पांढऱ्या कॉलरवर दोन दिवसांत सारवणाचा डाग पडला.

ताई मला नेहमी सांगते, "तुला अण्णा तर भेटले की दिवसभर. मला कधी भेटले?" ताई प्रेमळ आहे, मनापासून बोलते, म्हणून जास्त राग येतो. मला अण्णा भेटले नाहीत. मला गुरुजी भेटले. शाळेच्या हद्दीत 'अण्णा' म्हटलं की हातावर छडी बसायची, आणि पाढे चुकले की सगळ्यांत आधी मला, कारण पोटच्या पोरीला सोडलं असं वस्तीवर कुणी म्हणायला नको. येताना सायकलवर मागं बसून मी त्यांच्या शर्टाला धरायचे. तेव्हा ते परत अण्णा व्हायचे, पण तोवर दमलेले असायचे.

आणि ताई काय काय घेऊन यायची! डिसेंबरात नाताळाच्या आधी शाळेत प्रत्येकाला केकचा तुकडा मिळायचा, पातळ कागदात गुंडाळलेला. ताई अर्धा खाऊन अर्धा माझ्यासाठी आणायची. मी तो घ्यायचे नाही. ती बिचारी कागद उघडून नाकाशी धरायची, "बघ तर, मनुके हायती." मी म्हणायचे, मला मनुके आवडत नाहीत. ती मग तो स्वतः खायची, आणि तिची पाठ वळली की मी कागदाला चिकटलेला चुरा बोटानं टिपून खायचे. मनुके मला फार आवडायचे.

ताईच्या मोज्यांना फिनेलचा वास यायचा. त्यांच्या शाळेत फरशी पुसायचे. आमच्या शाळेत आम्हीच शेण आणून सारवायचो. आता मी माझ्या वर्गातल्या पोरांना सारवणाचं महत्त्व वगैरे सांगते, आणि सांगताना मला तो फिनेलचा वास आठवतो.

मागच्या आठवड्यात शाळेचं गॅदरिंग झालं. प्रज्ञा नाचात होती म्हणून सगळे गेलो. मध्येच माइकवरच्या बाईंनी सांगितलं की आपल्या शाळेत एक असं कुटुंब आहे, ज्याच्या चार पिढ्या अखंड इथं शिकल्या. दादांना दोघांनी धरून स्टेजवर नेलं, मागून अण्णा, ताई, आणि नाचाच्या कपड्यांतली प्रज्ञा. टाळ्या वाजल्या. ताईनं वरून मला खूण केली आणि ओरडली, "सुजा, फोटो काढ!" मी काढला. चांगले सात-आठ काढले, अण्णांचे डोळे मिटले होते म्हणून पुन्हा काढले. घरी येऊन बघितलं तर एकही हललेला नव्हता. अखंड, असं त्या बाई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मी नसल्यानं साखळी कुठं तुटलीच नव्हती. तुटली असती तर निदान कुणी विचारलं तरी असतं, की मधली कुठं गेली.

म्हणून यंदा मी फॉर्म आणला. गाथाला इंग्रजी यावं, शिस्त लागावी, ही सांगायची कारणं. खरं कारण एवढंच, की मला त्या फोटोत शिरायचं आहे, आणि दुसरी वाट नाही. गाथा त्या शाळेत गेली की मी त्या शाळेची आई होईन. गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसेन.

यात अडचण एकच, आणि ती बघून मला हसावं की रडावं कळेना. माझ्या शाळेचा पट यंदा एकानं कमी पडतो आहे. पुढच्या वर्षी तो भरला नाही तर मला उचलतील, आणि जागा रिकामी आहे ती गेवराईकडं, उमापूरच्या पुढं. रोज जाऊन येणं होणार नाही. माझा नवरा म्हणाला, "तू ठरव, मी जमवून घेईन." तो असंच म्हणतो. आमच्या लग्नाची सगळी मजा त्याच्या या वाक्यात आहे आणि सगळी चिडही.

परवा अण्णा आले. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी चक्कर मारतात. मी मेथी निवडत होते. टेबलावरचा फॉर्म त्यांनी उचलला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या शाळंचा पट किती हाय गं?"

"एक कमी पडतोय."

"मग गाथालाच टाक की. घरचं लेकरू असताना दुसऱ्याच्या दारात पोर मागायला कशाला जायाचं?"

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. पंख्याचा वेग कमी कर म्हणावं, तसं म्हणाले. तीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं, आणि घरात बोलतात तसंच निघालं. "अण्णा, मलाच का ठेवलं तुमी?"

"कुठं?"

"तुमच्या शाळंत. शिस्टरच्या शाळंत का न्हाई घातलं?"

"पट कमी व्हता, बाई. तुला म्हाईत हाय की."

"ताईला काढून आणता आलं असतं. ती बी तिसरीतच व्हती."

अण्णा खुर्चीत सरकून बसले. त्यांनी चष्म्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसली. मग म्हणाले, "ताईलाच इचारलं व्हतं म्या आधी. गुरवारी. तिनं अंगणात लोळण घेतली, रडून रडून घर डोक्यावर घेतलं. जेवली न्हाई. तुझ्या आईनं तुला सखूबाईकडं धाडलंतं, म्हणून तुला ठावं न्हाई."

"आन् मला?"

"तुला इचारलं न्हाई. सांगितलं." ते माझ्याकडं बघत नव्हते. "तू रडत नव्हतीस, सुजा. सांगितलं की मान हलवायचीस. सोपं व्हतं."

सोपं होतं. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं कारण असेल. मी ताईपेक्षा मठ्ठ असेन, किंवा धाकटी म्हणून पैसे पुरले नसतील, किंवा अण्णांना मी जवळ हवी असेन. यातलं शेवटचं कारण मी किती वर्षं पुरवून पुरवून वापरलं होतं. अण्णा जायला उठले, दारात थांबले, म्हणाले, "चुकलंच ते." मी "चहा घ्या" म्हणाले. ते "नको" म्हणाले आणि गेले. मी मेथी निवडली. काड्या पातेल्यात टाकल्या आणि पानं फेकून दिली, हे भाजी करायला घेतल्यावर कळलं.

शनिवारी मुलाखत होती. गाथाला मी नवा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या, रंग पाठ करून घेतले. गेटपाशी चाळीसेक आया-बाप उभे होते. आतून फिनेलचा वास येत होता, अगदी तोच. मुलाखत माझीच असल्यासारखी मी पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होते. गाथाचं नाव पुकारलं आणि तिनं माझा पदर घट्ट धरला.

"मला न्हाई जायचं."

"अगं, सिस्टर फक्त नाव विचारणार."

"मला तुझ्या शाळेत जायचंय. तिथं कोमल आहे." कोमल ही माझ्या वर्गातली, गाथा तिच्या बालवाडीच्या सुट्टीत माझ्याबरोबर येते तेव्हा दोघी मिळून बोरं वेचतात. आणि मग तिनं भोकाड पसरलं. साधं रडणं नव्हे. खाली बसली, पाय आपटले, नाक, डोळे, वेण्या सगळं एक झालं. लोक बघायला लागले. एक बाई आपल्या शहाण्या मुलाला पोटाशी धरून बाजूला सरकली. तरुण सिस्टर हसत बाहेर आली आणि म्हणाली, "सगळी रडतात, मॅडम. आत आली की विसरतात. द्या माझ्याकडं." तिनं हात पुढं केला.

ती खरं बोलत होती. गाथा विसरली असती. आठ दिवसांत तिरकी अक्षरं काढू लागली असती, आणि पुढच्या वर्षी स्टेजवर मीही असते. मला फक्त तिची बोटं पदरावरून एक एक करून सोडवायची होती. मी दोन सोडवलीसुद्धा.

मग मी खाली बसले. तिचं नाक पुसलं आणि विचारलं, "गाथा, तुला कुठं जायचंय? खरंखरं सांग."

"तुझ्या शाळेत," ती उचक्या देत म्हणाली. इतकं स्पष्ट, की सिस्टरनंही हात मागं घेतला.

मी फॉर्म चार घड्या करून पर्समध्ये टाकला. आता पट भरणार, उमापूर टळणार, अण्णांना वाटणार पोरीनं आपलं ऐकलं, आणि ताई म्हणणार, "अगं, निदान विचारायचं तरी मला." या सगळ्यांचा मला तिथंच, गेटपाशी, आधीच राग येऊन गेला. मागं पुढचं नाव पुकारलं गेलं, आणि पांढऱ्या मोज्यांतली एक मुलगी न रडता सरळ आत चालत गेली. ती दाराआड जाईपर्यंत मी तिचे मोजे बघत होते.

स्कूटीवर पुढं उभी राहिलेली गाथा कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत हसायला लागली होती. मला मात्र समोरचा रस्ता दिसत नव्हता, म्हणून मी गाडी बाजूला घेतली. आयुष्यात मला इतक्या जणांचा हेवा वाटला, पण माझ्या पोटच्या पोरीचा वाटेल असं वाटलं नव्हतं. नको होतं, म्हणून ती भर रस्त्यात रडली, आणि कुणीतरी खाली बसून तिला विचारलं.